फरगाण्यातली लकी लूझर

“शले, जरा वेणी घालून दे ना,” उर्मी म्हणाली, आणि तिचा खांदा गेलाय हे मला तेव्हाच कळलं.

ती पलंगाच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसली होती. कंगवा डाव्या हातात. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा. उर्मिला वाघचौरे मूळची नगरची. कित्येक वर्षं आम्ही डबल्स एकत्र खेळत होतो, एका खोलीत राहत होतो, एकाच किटलीत खिचडी शिजवून खात होतो. एवढ्या वर्षांत तिनं मला वेणी घालायला कधी सांगितलं नव्हतं.

“गोळी घेतलीस ना?” मी विचारलं.

“घेतली. जरा आखडलाय. ऊन लागलं की सुटेल.”

मी केस विंचरायला घेतले. तिसरा पेड घट्ट ओढला तशी ती ‘स्स’ करून वाकली.

“फार ओढलं का?”

“नाही गं. घाल तू.”

मी वेणी पुरी केली. त्या वेळी आमच्या दोघींच्या डोक्यात एकच गोष्ट होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

फरगाणा हे नाव आपण शाळेत बाबराच्या धड्यात वाचतो आणि परीक्षा झाली की विसरतो. उझबेकिस्तानातलं हे गाव. रस्त्याच्या कडेनं पाण्याचे पाट, तुतीची झाडं, आणि जूनमध्ये ऊन असं की धुळ्याची आठवण यावी. तिथं दर वर्षी मुलींची टेनिसची एक मधल्या दर्जाची स्पर्धा व्हायची. मोठ्या खेळाडू तिथं फिरकत नसत. मोठं होण्याची आशा न सुटलेल्या आमच्यासारख्या मात्र न चुकता यायच्या.

मी सत्तावीस वर्षांची होते. धुळ्याच्या क्लबात सिमेंटचं एकच कोर्ट, त्यावर साहेब लोक संध्याकाळी खेळायचे आणि सकाळी मी. तिथून सुरू करून मी जगाच्या यादीत चारशेच्या आत शिरले होते. नंतर गुडघा, मग कावीळ, मग नुसतंच हरणं. गेल्या वर्षी फरगाण्यात मी उपांत्य फेरी गाठली होती. टेनिसमधले गुण वर्षभरच टिकतात. पुढच्या सोमवारी माझे ते गुण गळणार होते. इथं मुख्य स्पर्धेत काही केलं तर मी यादीत टिकणार होते, नाहीतर इतकी खाली जाणार होते की लहानसहान स्पर्धांच्या पात्रता फेरीतसुद्धा कुणी दारात उभं केलं नसतं. ज्या कंपनीनं खेळाडू म्हणून मला नोकरी दिली होती, तिथल्या साहेबांनी रजेवर सही करताना हसत सांगितलं होतं, “मॅडम, आता ही शेवटची हं. मग तुमच्या टेबलावर या. अजून प्लास्टिकसुद्धा काढलं नाही तुम्ही खुर्चीचं.”

आणि मी पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरले होते. समोरची मुलगी पंधरा वर्षांची, दातांना तारा लावलेली. पहिला सेट मी घेतला, दुसऱ्यात मी पुढं होते, आणि कसा कोण जाणे सामना गेला.

तरी एक फट उरली होती. मुख्य स्पर्धेतल्या कुणी आपल्या पहिल्या सामन्याआधी माघार घेतली, तर तिच्या जागी पात्रतेत शेवटी हरलेलीला घेतात. तिला म्हणतात लकी लूझर. हे नाव ज्यानं कुणी ठेवलं, त्याला स्वतःला बाकावर बसून कधी वाट बघावी लागली नसावी. माझं रँकिंग बाकीच्या हरलेल्यांपेक्षा बरं होतं, म्हणून रांगेत पहिली मी. पण नियम असा की सामन्यातला पहिला चेंडू पडला की दार बंद. सामना सुरू झाल्यावर कुणी जायबंदी होऊन बाहेर आलं, तर त्याचा आम्हाला उपयोग नाही. आणि हे सगळं फक्त पहिल्या फेरीपुरतं.

पहिल्या फेरीचा पहिला दिवस कोरडा गेला होता, कुणीच माघार घेतली नव्हती. हा दुसरा आणि शेवटचा. उर्मीचा सामना दोन नंबरच्या कोर्टवर सगळ्यात शेवटी होता.

सकाळी मी रेफरीच्या खोलीत जाऊन हजेरी लावली. रेफरी गुलनोरा मॅडम, पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीनं अडकवलेला, इंग्रजी एकेक शब्द वेचून बोलायच्या.

“तुम्ही जवळ राहा,” त्या म्हणाल्या. “मी हाक मारली की लगेच कोर्टवर.”

“मी इथंच आहे,” मी म्हणाले.

मग दिवसभर मी तिथंच होते. बूट बांधलेले, रॅकेट बाहेर काढून ठेवलेल्या. दर सामन्याआधी मी दोरीवरच्या उड्या मारून अंग गरम करायचे, कोर्टकडे बघायचे. दोन मुली हसत आत जायच्या, नाणेफेक व्हायची, पहिला चेंडू पडायचा, आणि मी परत बाकावर. एवढ्या निरोगी मुली मी आयुष्यात एका जागी पाहिल्या नव्हत्या. एक बेलारूसची मुलगी सकाळी नाश्त्याला खोकत होती. तिच्यावर माझा फार जीव होता. तीही गेली आणि खडखडीत खेळली.

दुपारी उर्मी आली. फिजिओनं तिच्या खांद्यापासून कोपरापर्यंत निळी टेप चिकटवली होती. ती माझ्याशेजारी बसली. बाक तुतीच्या झाडाखाली होता आणि खाली पडलेल्या फळांनी पायाखालची फरशी काळी झाली होती.

“काय म्हणाली फिजिओ?”

“म्हणाली, बघू.”

“बघू म्हणजे?”

“बघू म्हणजे बघू, शले.”

 मनात म्हटलं, आता नाही बोलले तर केव्हा बोलणार?

“उर्मे, वेणी घालायला हात वर जात नाही तुझा. सर्व्हिस कशी करणार?”

“करीन कशीतरी.”

“समोर कोण आहे माहितेय ना?”

समोर तिसरं मानांकन असलेली सतरा वर्षांची रशियन मुलगी होती. उंच, शांत, तोफेसारखा फोरहँड. तिची आई प्रत्येक सामन्याला पहिल्या रांगेत बसून विणकाम करायची.

“माहितेय,” उर्मी म्हणाली. “तुला काय म्हणायचंय ते सरळ बोल ना. सकाळपासून नुसती बघतेयस माझ्याकडे.”

“नाव काढून घे.”

ती माझ्याकडे वळली. “म्हणजे तू आत जाशील.”

“हो.”

“माझ्या जागी.”

“हो, तुझ्या जागी. तू नाहीतरी दोन गेममध्ये बाहेर येणार. तुझं काय जाणार आहे? तुझे गुण ऑक्टोबरपर्यंत आहेत. माझे सोमवारी जातायत. ही रजाही शेवटची आहे, तुला सांगितलंय मी. यानंतर मला कुठंच घेणार नाहीत, उर्मे. तू विश्रांती घे, फिजिओकडे जा, उद्या आपलं डबल्स आहे, ते खेळू.”

हे सगळं मी एका दमात बोलले. मनात दिवसभर घोकून ठेवलं होतं. ती खाली फरशीकडे बघत ऐकत होती.

“वॉर्मअप करून बघते,” ती शेवटी म्हणाली. “नाही जमलं तर जाऊन सांगते मॅडमना.”

“नक्की?”

“सांगते म्हटलं ना.”

वॉर्मअपला तिच्यासमोर उभं राहायला त्या गावात दुसरं होतं कोण? मीच गेले. मागच्या कोर्टवर मी तिला चेंडू देत होते, अलगद, कमरेच्या उंचीवर, एखाद्या शिकाऊ मुलीला द्यावेत तसे. बॅकहँड ठीक होता. फोरहँड ती कोपर अंगाला चिकटवून ढकलत होती. मग तिनं सर्व्हिस करायला चेंडू वर टाकला, रॅकेट मागे नेली, आणि चेंडू तसाच खाली पडू दिला. परत टाकला. परत तेच. तिसऱ्यांदा तिनं मारला. चेंडू जाळीच्या बुडाशी जाऊन लागला आणि ती खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी जाळीपाशी गेले. मला वाईट वाटत होतं, खोटं नाही सांगत. पण आत कुठंतरी आनंदही झाला होता, तेही खोटं नाही.

“चल,” मी म्हणाले. “मॅडमकडे जाऊ.”

तिनं तोंड पुसलं. उठली. एक चेंडू घेतला, जमिनीवर दोनदा आपटला आणि खालून, बॅडमिंटनच्या सर्व्हिससारखा, अलगद पलीकडे टोलवला. चेंडू कोर्टात पडला आणि दोन वीतसुद्धा उसळला नाही.

“हे नियमात बसतं ना?” ती म्हणाली.

“उर्मे, वेड्यासारखं करू नकोस.”

“बसतं की नाही?”

“बसतं. पण असं कोण खेळतं? लोक हसतील.”

“इथं कोण ओळखतं मला?” तिनं रॅकेट पिशवीत घातल्या. “जमतंय शले मला. मी जाते.”

ती गेली. कोर्टच्या फाटकापाशी क्षणभर थांबलेली दिसली, मला वाटलं वळेल. फाटक उघडून ती आत गेली. मी रेफरीच्या खोलीबाहेर उभी होते, रॅकेट हातात घेऊन. आतून गुलनोरा मॅडमनी बाहेर डोकावून बघितलं, माझ्याकडे बघून खांदे उडवले आणि परत आत गेल्या. पहिला चेंडू पडला.

मी तेव्हाच हॉटेलवर निघून जायला हवं होतं. बस उभी होती. पण ती कशी हरते ते मला बघायचं होतं. मी प्रेक्षकांच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसले. खाली विणकाम करणारी आई, दोन-चार मुली, एक म्हातारं जोडपं. बस्स.

पहिले चार गेम बघता बघता गेले. उर्मीची ती खालून सर्व्हिस यायची आणि ती मुलगी पुढं येऊन फटका कोपऱ्यात मारायची. मी मनात म्हणत होते, बघ. बघ आता. तुला तरी काय मिळालं आणि मला तरी काय मिळालं. पहिला सेट सहा-एक गेला.

दुसऱ्या सेटमध्ये काय झालं ते मला आधी कळलंच नाही. उर्मी सर्व्हिस आणखी हळू करायला लागली. एकदा चेंडू डावीकडे वळायचा, एकदा उजवीकडे. ती मुलगी पुढं धावत यायची, आणि उर्मी तिच्या डोक्यावरून चेंडू उंच टाकायची. ती मागे पळायची, की उर्मी पुढं जाळीजवळ चेंडू टाकायची. त्या मुलीला जोरात येणारे चेंडू मारायची सवय होती. उर्मीच्या चेंडूंत जोर असा नव्हताच. तिनं दोन सोपे फटके बाहेर मारले. मग एक जाळीत. मग रॅकेट आपटली. आईनं विणकाम मांडीवर ठेवलं.

दुसरा सेट उर्मीनं घेतला.

बाजू बदलताना तिनं पायऱ्यांकडे मान वर करून बघितलं. तिथं तिची भाषा बोलणारी मी एकटी होते. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. ती हरली असती तर माझं खरं ठरलं असतं. तिनं उगाच जागा अडवली, माझी संधी घालवली, हे मला आयुष्यभर म्हणता आलं असतं. ती जिंकली तर मी काय म्हणायचं?

तिसऱ्या सेटमध्ये उन्हं कलली तरी खेळ चालूच. उर्मीचा चेहरा पांढरा पडला होता. दर गुणानंतर ती उजवा हात डाव्या हातानं उचलून छातीशी धरायची, आणि खेळायची वेळ आली की सोडायची. पण ती हसत होती! इतक्या वर्षांत मी तिला कोर्टवर कधी हसताना पाहिलं नव्हतं. सामना बघायला आजूबाजूच्या कोर्टवरून मुली येऊन बसल्या. म्हातारा उभा राहून टाळ्या वाजवत होता. शेवटचा गुण म्हणजे जाळीला लागून पलीकडे टपकलेला एक चेंडू. ती रशियन मुलगी धावलीसुद्धा नाही.

सात-पाच. उर्मी वाघचौरे जिंकली होती. माझ्या माहितीत तिनं हरवलेली सगळ्यात मोठी खेळाडू. दोन्ही हात धड असताना तिला जे जमलं नव्हतं, ते एका हातावर जमलं.

ती पिशवी डाव्या खांद्यावर टाकून पायऱ्यांपाशी आली.

“जिंकले गं,” ती म्हणाली.

“दिसलं,” मी म्हणाले.

हॉटेलवर जाताना बसमध्ये ती पुढं बसली, मी मागे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात कोपरापासून सुजला होता. चहाचा कपसुद्धा उचलवेना. ती एकटीच रेफरीकडे गेली आणि दुसऱ्या फेरीतून नाव काढून आली. समोरच्या मुलीला न खेळता पुढं चाल मिळाली. आता त्या जागेवर कुणाला घेणार नव्हते. ती जागा तशीच मेली.

“काल काढलं असतंस तर—” मी म्हणाले.

“काल मी जिंकले, शलाका.” ती मला पूर्ण नावानं हाक मारायची तेव्हा ती चिडलीय हे समजून जायचं. मग जरा मवाळ होऊन म्हणाली, “डबल्सचं मी सांगून आलेय मॅडमना. दुपारी आपण खेळतोय.”

“या हातानं?”

“खालून टाकते की. तू जाळीजवळ राहा, बाकी तू सांभाळ. तेवढा एक सामना तरी होईल तुझा.” आणि मग ते वाक्य बोलली. “तुझ्यासाठी खेळते मी.”

माझं डोकंच फिरलं. काल मी भीक मागत होते तेव्हा मी दिसले नाही हिला. काल हिला हवा तो सामना हिनं खेळून घेतला, हवा तसा. आज हात मोडून घेऊन मला उपकार देतेय. दुपारी मी जाळीपाशी उड्या मारायच्या, मागे ही हात छातीशी धरून उभी राहणार, लोक हिच्याकडे बघून हळहळणार, आणि माझा शेवटचा सामना म्हणजे हिच्या दुखऱ्या खांद्याचा तमाशा. मला नको होतं ते. तिनं दिलेलं तर काहीच नको होतं.

मी बूट घातले आणि निघाले. हॉटेलपासून कोर्टपर्यंत बसची वाटसुद्धा बघितली नाही, पाटाच्या कडेकडेनं ताडताड चालत गेले. गुलनोरा मॅडम टेबलाशी हिरवा चहा पीत बसल्या होत्या.

“वाघचौरे आणि धुमाळ,” मी म्हणाले. “डबल्समधून नावं काढा.”

“कारण?”

“जोडीदार जखमी आहे.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “पण ती सकाळी आली होती. ती म्हणाली, मी खेळणार, माझ्या मैत्रिणीसाठी.”

“ती खेळणार नाही,” मी म्हणाले. “आम्ही खेळणार नाही.”

त्यांनी कागदावर रेघ मारली. मग उठून टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

“तिला वाचवायला तुम्ही तुमचा सामना सोडला,” त्या सावकाश म्हणाल्या. “इतकी वर्षं मी हे काम करते. असं कोणी करत नाही. तुम्ही फार चांगली मैत्रीण आहात.”

मी सांगायला तोंड उघडलं. तसं नाही हो मॅडम, मला राग आलाय, मला तिच्याबरोबर उभंसुद्धा राहायचं नाही, असं सांगायचं होतं. पण एवढं इंग्रजी मला त्या वेळी आलं नाही. त्यांनी मला चहा दिला, वर जर्दाळू दिले. मी जर्दाळू खाल्ले.

खोलीवर येऊन उर्मीला सांगितलं, “नावं काढली मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली. मला वाटलं आता भांडेल. तर ती म्हणाली, “मला कळत होतं गं, तू मला खेळू देणार नाहीस.” आणि डाव्या हातानं तिनं मला जवळ ओढलं. मी खांबासारखी उभी.

विमान परवाचं होतं. ते दिवस मी गावात भटकून काढले. मुंबईला उतरल्यावर तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. मी धुळ्याची गाडी पकडली. सोमवारी माझं नाव यादीत जिथं गेलं, तिथं ते बघायला पुढं कुणी गेलं नाही, मीही नाही. महिन्याभरात मी खुर्चीचं प्लास्टिक काढलं.

उर्मीच्या खांद्यावर पुण्यात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू जेमतेम धाग्याएवढा शिल्लक होता, आणखी एक सामना झाला असता तर हात कायमचा गेला असता. ती पुन्हा स्पर्धा खेळली नाही. पण तिनं नगरला दोन कोर्ट घेऊन मुलींना शिकवायला सुरुवात केली, आणि फरगाण्याची गोष्ट सांगायलाही. मी नाशिकला बदलून आले, लग्न झालं, मुलगा झाला. कुठून कुठून लोक मला सांगायचे, “अहो, तुम्हीच ना त्या धुमाळ? मैत्रिणीसाठी शेवटचा सामना सोडलात?” एकदा आमच्या कंपनीच्या मासिकातसुद्धा छापून आलं, फोटोसकट. मी किती बरी खेळायचे हे कुणाला माहीत नव्हतं. मी ज्या दिवशी खेळले नाही, तो दिवस तेवढा सगळ्यांना माहीत होता.

मागच्या हिवाळ्यात तिच्या अकादमीचा वार्षिक कार्यक्रम होता. बक्षीस द्यायला तिनं मला बोलावलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही, म्हणून गेले. मुली रांगेत बसल्या होत्या, पालक मागे खुर्च्यांवर. उर्मीनं माईक घेतला आणि सगळं सांगितलं. खालून केलेली सर्व्हिस, सात-पाच, सुजलेला हात. “आणि मग या शलाकाताईनं,” ती म्हणाली, “मला न विचारता जाऊन नावं काढली. तिचा तो शेवटचा सामना होता. आज मी हा हात वर करू शकतेय ते तिच्यामुळं.” तिनं हात वर केला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही मागच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो. तिचे केस पुढून पांढरे झाले होते, माझेही. मी मनाशी म्हटलं, आता पुरे.

“उर्मे, मी तुला वाचवायला नावं काढली नव्हती. मला तुझा राग आला होता. तुझ्याबरोबर खेळायचं नव्हतं मला.”

तिनं कप खाली ठेवला. तिला हे खरंच माहीत नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसलं.

“इतका?” ती म्हणाली.

“इतका.”

“आणि मी तिथं तुझ्या गळ्यात पडून रडले.”

“हो.”

 टपरीवाल्यानं दुसऱ्यांदा दूध उकळायला ठेवलं. मग ती म्हणाली, “असू दे. रागानं तर रागानं. खांदा राहिला ना.”

“तुला एक विचारू? त्या दिवशी फाटकापाशी थांबली होतीस तू.”

“थांबले होते.”

“कशाला?”

“तुझाच विचार आला होता. म्हटलं, जावं मागे. सांगावं मॅडमना.”

“मग?”

“मग काय.” तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. “मला खेळायचं होतं गं.”

“मला पण खेळायचं होतं.”

हे बोलताना माझा आवाज चढला. टपरीवाल्यानं वळून बघितलं.

“हे तू तेव्हा नाही म्हणालीस,” उर्मी म्हणाली. “तू गुणांचं बोललीस. रजेचं बोललीस. माझे ऑक्टोबरपर्यंत आहेत, तुझे सोमवारी जातात. मला वाटत होतं, ही कुणाशी बोलतेय?”

“आणि हे म्हणाले असते तर? काढलं असतंस नाव?”

तिनं घाई केली नाही. कपातला चहा गोल फिरवत खरोखर विचार केला. त्या कोर्टवर, त्या उन्हात परत जाऊन उभी राहिली असावी.

“नाही,” ती म्हणाली.

“वाटलंच मला,” मी म्हणाले, आणि टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले.